पळून आलेल्यांचं गाव ते हजार वर्षांची सत्ता: रोम टिकलं कशामुळे?

पैलतीर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात घोळणारा विषय आज मांडतोय. मोठा आहे, सांभाळून घ्या आणि भर घाला.

कुठल्याही जुन्या शहराची किंवा राजघराण्याची मूळकथा ऐका. पूर्वज देवाचा तरी असतो, सूर्याचा तरी, नाहीतर अथेन्सच्या लोकांसारखा थेट त्या मातीतून उगवलेला. रोमन लोकांच्या कथेतही मंगळदेव बाप म्हणून येतो, पण पुढचं काय जपलंय बघा. नदीत सोडून दिलेली दोन पोरं लांडगीच्या दुधावर जगतात. मोठी झाल्यावर एक भाऊ दुसऱ्याला मारतो आणि गाव वसवतो. गावात माणसं कमी, म्हणून रोम्युलस कॅपिटोलिन टेकडीवर आश्रयाची जागा उघडतो. तिथे कोणीही यावं; तू गुलाम की स्वतंत्र, हे विचारलं जाणार नाही. बायका नाहीत, म्हणून शेजारच्या सॅबाइन लोकांना सणाला बोलावून त्यांच्या मुली पळवतात. याच्याही मागे गेलात तर ईनिअस भेटतो, जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला. तोही निर्वासितच.

इ.स.पू. ७५३, २१ एप्रिल ही स्थापनेची तारीख रोमन पंडितांनी फार नंतर हिशोब मांडून ठरवली. ती कोणी इतिहास म्हणून घेऊ नये. पण पॅलेटाइन टेकडीवर खडकात खांबांसाठी कोरलेली भोकं सापडली आहेत आणि ती इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासच्या झोपड्यांची आहेत. कुडाच्या भिंती, वर गवत. पुढे जिथे फोरमचा संगमरवरी चौक झाला, ती तेव्हा दलदल होती आणि तिच्या कडेला लोक आपले मृत पुरत. तिथे रक्षेची मडकी मिळाली, त्यातली काही चक्क छोट्या झोपडीच्या आकाराची. जिवंतपणी ज्या घरात राहिला त्याच घराच्या आकारात माणूस मेल्यावर ठेवलेला. या मडक्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा रोम मला जवळचं वाटायला लागलं.

आता माझा मुद्दा. रोमन लोक ग्रीकांपेक्षा हुशार नव्हते, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरापेक्षा श्रीमंत नव्हते, आजच्या फ्रान्सकडच्या गॉल लोकांपेक्षा शूर होते असंही नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी त्या काळात कोणाकडे फारशी नव्हती: परका माणूस आपला करून घेण्याची पद्धत. नुसतं मोठं मन असून हे होत नाही, त्याला कायद्याची चौकट लागते. इ.स.पू. ३३८ मध्ये शेजारच्या लॅटिन गावांचं बंड मोडल्यावर त्यांनी प्रत्येक गावाशी वेगळा हिशोब केला. काहींना पूर्ण नागरिकत्व, काहींना मताच्या हक्काशिवाय नागरिकत्व, उरलेल्यांशी करार. खंडणी नाही. मागणी एकच, लढाईला माणसं पाठवा. म्हणजे काल हरलेला गडी आज आपल्या बाजूने उभा, आणि पुढच्या लुटीत त्यालाही वाटा.

हे मी आजच्या चष्म्यातून बघतोय असं वाटेल, म्हणून एक साक्ष देतो. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ.स.पू. २१४ च्या सुमारास ग्रीसच्या थेसली भागातल्या लारिसा गावाला पाठवलेलं पत्र दगडावर कोरलेलं सापडलंय. लारिसात लढायांमुळे माणसं घटली होती आणि नवे नागरिक नोंदवायला गावकरी राजी नव्हते. फिलिप त्यांना लिहितो की रोमन लोकांकडे बघा, ते गुलामाला मुक्त केलं की नागरिक करतात, अधिकारपदं देतात, आणि अशा रीतीने त्यांनी आपला देश वाढवला, जवळजवळ सत्तर ठिकाणी वसाहती धाडल्या. यात अतिशयोक्ती आहे. मुक्त झालेल्याला स्वतःला पद मिळत नसे, त्याच्या मुलाला मिळू शके. पण हे लिहिणारा फिलिप त्या वेळी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी तह करून रोमविरुद्ध उभा होता! शत्रूला ताकद कुठे आहे ते बरोबर दिसत होतं.

तुम्हाला काय वाटतं?

कातळवाट

सुंदर धागा, पैलतीर. पण तुम्ही जमिनीला विसरलात. आधी जागा, मग माणसं.

टायबर नदीत एक बेट आहे. त्याच्या जरा खाली नदी ओलांडता येण्याजोगा उतार होता. समुद्राकडून वर आलं तर पहिली सोयीची जागा तीच. नदीच्या मुखाशी मिठागरं, आणि डोंगरातल्या सॅबाइन मुलखात मीठ नाही. गुराढोरांना, कातडी टिकवायला, चीज करायला, सगळ्याला मीठ लागतं. त्या वाटेचं नावच व्हिया सलारिया, मिठाची वाट. आजही रोममधला तो रस्ता याच नावाने चालतो. नदीच्या उताराशी जो बाजार भरे त्याचं नाव फोरम बोअरिअम, म्हणजे गुरांचा बाजार. उत्तरेला एट्रस्कन, दक्षिणेला लॅटिन आणि पुढे ग्रीक वसाहती, मधल्या नाक्यावर रोम.

अशा बाजारच्या गावात परका माणूस ही रोजची गोष्ट असते. कोण कुठला हे विचारत बसलं तर धंदा होत नाही. तुमची आश्रयाची गोष्ट मला या बाजारातूनच आलेली वाटते. आणि त्यांचे शेवटचे राजे तरी कुठे रोमन होते? टार्क्विन घराणं एट्रस्कन मुलखातून आलेलं. दलदलीत भराव टाकून चौक केला, पाण्याला मोठा नाला काढून दिला, तो याच राजांच्या काळात. इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांना हाकलल्याची परंपरा सांगतात. पण चौक आणि नाला ठेवून घेतला.

मुक्ताबाईची_वही

पैलतीर, तुमचं लेखन मन लावून वाचलं. तरी मला यात एक मोठी पोकळी दिसते आणि ती बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

परक्याला आपलं केलं, हे वाक्य कोणाच्या बाबतीत खरं? इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीसच्या वायव्येकडच्या एपायरसमधली ७० गावं रोमन सैन्याने ठरवून लुटली आणि दीड लाख माणसं गुलाम म्हणून विकली, असा आकडा प्राचीन इतिहासकारच देतात. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जाळलं, त्याच वर्षी कॉरिंथ. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने ६,००० माणसं क्रुसावर टांगली. तो रस्ता म्हणजे व्हिया ॲपिया, ज्याच्या दगडी फरसबंदीचं आपण कौतुक करतो. आणि सॅबाइन मुलींची कथा तुम्ही एका वाक्यात ओलांडली. एखादं शहर आपली पहिली पिढी अपहरणातून जन्मली असं सांगतं, तर त्या मुलींच्या बाजूने कोणी विचार केला होता का?

मुक्त केलेल्या गुलामाला नागरिक करत, हे बरोबर. पण आधी तो गुलाम कसा झाला, हा प्रश्न त्या दगडावरच्या पत्रात नाही.

पैलतीर

ताई, तुमचा आक्षेप मान्य. सॅबाइन मुलींचं मी घाईत उरकलं, ते चुकलं. रोमन इतिहासकार लिव्हीने ती कथा सांगताना त्या मुलींना रणभूमीवर मध्ये उभं केलंय, एकीकडे बाप, दुसरीकडे नवरा, आणि त्याच लढाई थांबवतात. दोन्ही जमातींचं एक गाव होतं ते त्यांच्यामुळे. पण तेही पुरुषाने लिहिलेलं आहे.

क्रौर्य होतं आणि ते सत्तेचा पायाच होतं. मला फक्त एवढं म्हणायचंय की क्रौर्य तर सगळ्यांकडे होतं. असिरियाकडे होतं, कार्थेजकडे होतं. त्याने जिंकता येतं. हरल्यावर उभं राहता येत नाही. रोमची कसोटी मी हरण्यात बघतो.

इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट, दक्षिण इटलीतलं कॅनी. हॅनिबलने एका दिवसात रोमन फौज वेढून कापली. लिव्ही मृतांचा आकडा ४८ हजारांच्या आसपास देतो, ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस त्याहून बराच मोठा. दोन कॉन्सुलांपैकी, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक मेला. त्या काळचं कुठलंही राज्य इथे तहाला बसलं असतं. हॅनिबलचा हिशोबही तोच होता: तो इटलीतल्या मांडलिक गावांच्या कैद्यांना खंडणी न घेता सोडत होता, सांगत होता की माझं भांडण तुमच्याशी नाही, रोमशी आहे. कापुआ फुटलं, दक्षिणेतला बराच भाग फुटला. पण मध्य इटली हलली नाही, लॅटिन वसाहती हलल्या नाहीत. जिवंत परतलेला दुसरा कॉन्सुल व्हारो, ज्याच्यावर पराभवाचं खापर होतं, तो रोमच्या वेशीवर आला तेव्हा लोकांनी बाहेर येऊन त्याचे आभार मानले, राज्याची आशा सोडली नाहीस म्हणून. चार वर्षांत त्यांची वीसहून जास्त लीजन, म्हणजे मोठ्या पलटणी, मैदानात होती.

ही माणसं आली कुठून? त्या करारांमधून. आणि हे गोड गोड नव्हतं. इ.स.पू. २०९ मध्ये तीसपैकी बारा लॅटिन वसाहतींनी स्वच्छ सांगितलं की आता आमच्याकडे ना माणसं उरली ना पैसा. उरलेल्या अठरा उभ्या राहिल्या. मला वाटतं त्या अठरा गावांनी रोम वाचवलं.

सिमेंट_वाळू_खडी

मी बांधकामातला माणूस, इतिहासाचा अभ्यास नाही, पण टिकण्याचा विषय निघालाय तर माझ्या कामाचं सांगतो.

पँथिऑनचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही. इ.स. १२६ च्या सुमाराचं काम, आजही छप्पर म्हणून उभं. युक्ती मालात आहे. चुना आणि नेपल्सच्या बाजूची ज्वालामुखीची राख एकत्र केली की ते पाण्याखालीही घट्ट होतं. आपल्याकडे जुन्या वाड्यांत चुन्यात सुरखी घालत, विटेची पूड, तिचंही काम त्याच जातीचं. रोमन लोकही विटेचा चुरा वापरत. घुमटात खाली जड दगडाची खडी, वर जाईल तशी हलकी, अगदी माथ्याला तरंगणारा सच्छिद्र दगड. आणि माथ्यावर भोक, म्हणजे जिथे वजन नको तिथे वजनच नाही.

मात्र मला सगळ्यात जास्त आदर रस्त्यांचा वाटतो. इ.स.पू. ३१२ मध्ये ॲपिअस क्लॉडिअसने ॲपिया रस्ता काढला, त्याच वर्षी शहराला पहिला पाण्याचा कालवाही दिला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याचा निचरा, मध्ये उंचवटा. रस्ता पावसाने मरतो, वाहतुकीने नंतर. हे ज्याला कळलं त्याचा रस्ता टिकला.

पंचगंगा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून: रोमच्या आपल्याकडच्या व्यापाराच्या खुणा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. टाउन हॉल संग्रहालयात आहे. तेरला (जुनं तगर) हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याच घराण्यातली वाटावी अशी भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दर वर्षी साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. आपला दीनार हा शब्दही मूळचा त्यांच्या देनारिउस या नाण्याचा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. कोणी कायद्याविषयी लिहील म्हणून वाट पाहत होतो.

आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही कायम राहिली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या नव्या कायद्यात आला आहे, पण गाभा तोच. घरात कोणी मृत्युपत्र करायला निघाले की वकील पहिली गोष्ट सांगतात: अर्ध्यावर तुमचा हात चालणार नाही. मुले असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, बापाची कितीही नाराजी असो. तिला 'लेजितिमा' म्हणतात. हा शब्द आणि त्यामागचा विचार रोमन न्यायालयांतला आहे. बापाने कारण नसताना मुलाला डावलले तर मुलगा मृत्युपत्राला आव्हान देई, आणि वारसाहक्काने मिळाला असता त्याचा निदान चौथा हिस्सा त्याला मिळाला पाहिजे असा दंडक तयार झाला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनिअनने तो वाढवला.

माझ्या आजोबांच्या वाटणीच्या कागदांत हा शब्द मी लहानपणी वाचला होता. तो कुठून आला ते कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

उंबरठा

वाचतेय, सगळेच प्रतिसाद आवडले. एक प्रश्न. इ.स. ४७६ ला रोम पडलं असं शाळेत शिकलो. मग टिकलं किती, हे मोजायचं कसं?

कातळवाट

@उंबरठा, ४७६ ला ओडोएकर या जर्मानिक सेनापतीने रोम्युलस ऑगस्ट्युलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला घरी बसवलं, एवढंच. पश्चिमेचा कारभार त्याआधीच तुकड्या-तुकड्यांनी हातचा गेला होता. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपल १४५३ पर्यंत उभं होतं आणि तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत. 'बायझंटाइन' हे नाव त्यांना नंतरच्या युरोपीय विद्वानांनी दिलं. शेजारी त्यांच्या मुलखाला रूम म्हणत, त्यावरून कोन्यात राहिलेला कवी तो रूमी. आपल्या जुन्या मराठीतला 'रूमशाम' हा शब्द याच रूमचा, तोवर तिथे सुलतान आले होते तरी.

पीटर चरॅनिस नावाच्या इतिहासकाराने आपल्या लहानपणची आठवण सांगितली आहे. १९१२ मध्ये लेम्नोस बेट ग्रीक आरमाराने घेतलं. सैनिक आले, मुलं त्यांना बघायला धावली. सैनिकांनी विचारलं, काय बघताय? मुलं म्हणाली, हेलेनी (म्हणजे ग्रीक) लोक कसे दिसतात ते. अरे, तुम्ही हेलेनी नाही का? मुलं म्हणाली, नाही, आम्ही रोमन.

मुक्ताबाईची_वही

लेम्नोसची आठवण वाचून थांबले. पण नागरिकत्वाच्या मुद्द्यावर अजून एक. ज्यांनी रोमसाठी रक्त सांडलं त्या इटालियन गावांना पूर्ण हक्क सुखासुखी मिळाले नाहीत. त्यांची बाजू घेणारा ड्रुसस, रोमचा ट्रिब्यून म्हणजे लोकांचा निवडलेला प्रतिनिधी, इ.स.पू. ९१ मध्ये मारला गेला, आणि त्यांना रोमशी युद्ध करावं लागलं. त्यांनी स्वतःची नाणी पाडली. एकावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांवर घेतोय. त्यानंतर रोमने हक्क दिले. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने जवळजवळ सगळ्याच स्वतंत्र प्रजेला नागरिक केलं. समकालीन इतिहासकार कॅसिअस डिओ म्हणतो की कर वाढावा म्हणून. आणि तोवर कायद्यात 'प्रतिष्ठित' आणि 'सामान्य' असा भेद रुळला होता. एकाच गुन्ह्याला एकाला हद्दपारी, दुसऱ्याला खाणीत मजुरी. हक्क सगळ्यांना मिळाला तेव्हा त्याचं वजन उतरलं होतं.

पैलतीर

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी याला फक्त एक जोड देतो. इ.स. ४८ मध्ये गॉलमधल्या सरदारांना सेनेटमध्ये, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेत, घ्यावं की नाही यावर वाद झाला. जुने सेनेटर म्हणाले, यांच्या आजोबांनी आमच्या फौजा कापल्या. सम्राट क्लॉडिअस उठला आणि त्याने रोमच्या राजांपासूनची यादी वाचली, कोण कोण बाहेरून आलं त्याची. त्याच्या भाषणाचा कांस्यपट १५२८ मध्ये फ्रान्समधल्या लिआँला सापडला. इतिहासकार टॅसिटसने तेच भाषण आपल्या शब्दांत दिलंय, त्यात सम्राट विचारतो की स्पार्टा आणि अथेन्स शस्त्रांत बलवान असूनही बुडाले ते जिंकलेल्यांना परके मानून दूर ठेवलं म्हणूनच ना? दर वेळी भांडण झालं, दर वेळी उशीर झाला. पण दार कायमचं बंद करणाऱ्यांची सरशी कधी झाली नाही. पुढचे सम्राट बघा: ट्राजन स्पेनमधल्या इटालिकाचा, सेप्टिमिअस सेव्हेरस आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. कॅराकॅला त्याचाच मुलगा.

टाइनकाठची_सई

मी इंग्लंडच्या ईशान्येला राहते. धागा वाचून शनिवारी मुद्दाम साउथ शील्ड्सला जाऊन आले, तिथे टाइन नदीच्या मुखाशी रोमन किल्ला होता.

तिथल्या एका बाईच्या थडग्याच्या दगडाविषयी लिहायचंय. तिचं नाव रेजिना, म्हणजे राणी. दुसऱ्या शतकातली. लेखात तिची जमात दिलीय, कॅटुवेलाउनी, म्हणजे दक्षिण इंग्लंडची. वय ३०. आणि तिची ओळख अशी: बाराटेसची मुक्त केलेली दासी आणि पत्नी. हा बाराटेस सीरियातल्या पाल्मिराचा. वाळवंटातल्या शहरातून निघालेला माणूस जगाच्या या थंड टोकाला आला, इथल्याच मुलीला विकत घेतलं, मुक्त केलं, लग्न केलं आणि ती गेल्यावर दगड उभारला. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर चाती-टकळी, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा फुटून गेलाय.

पैलतीर आणि मुक्ताताई, तुम्ही दोघे ज्यावर वाद घालताय ते सगळं त्या एका दगडावर आहे. तिच्याच देशात तिला गुलाम कोणी केलं, ते लिहिलेलं नाही.

मुक्ताबाईची_वही

सई, हे वाचून डोळे भरून आले. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण पैलतीर काय म्हणत होते ते आता जास्त कळतंय. लेख सगळा लॅटिनमध्येच आहे का?

टाइनकाठची_सई

नाही ताई. वरचा लेख लॅटिन, आणि त्यात चुका आहेत. खाली एक ओळ पाल्मिराच्या लिपीत, त्याच्या स्वतःच्या भाषेत, आणि ती जास्त सफाईने कोरलीय. त्या किल्ल्यात ती ओळ वाचू शकणारे फार लोक नसणार. तीत एवढंच आहे: रेजिना, बाराटेची मुक्त केलेली, हाय रे.